नऊ वाजताचे सरडे

सर,

रविवारी पुण्याहून एक मुलगी येणार आहे आणि तुमच्या वह्या घेऊन जाणार आहे. तीन दिवस राहिले, म्हणून लिहायला बसले. ती सरड्यांवर काम करते. उष्णता वाढत चाललीय तसे कोरड्या माळावरचे सरडे काय करतात, टिकतात की संपतात, हे तिला बघायचंय. नामपूरच्या माळावर एक प्राध्यापक दर मे महिन्यात जाऊन सरडे मोजायचे आणि त्यांच्या पश्चात त्यांची विद्यार्थिनी मोजत राहिली, हे तिला कुठूनसं कळलं. फोनवर म्हणाली, "मॅडम, इतक्या जुन्या नोंदी कुणाकडेच नाहीयेत हो! तुम्हाला कल्पना नाही तुमच्याकडे काय आहे." मला चांगली कल्पना आहे. माझ्याकडे सात वह्या आहेत आणि त्यांतल्या चौथ्या वहीत एक आकडा खोटा आहे. तो तुमच्या अक्षरात आहे, पण खोटेपणा माझा आहे. तो आकडा खोडायचा की आहे तसा जाऊ द्यायचा, हे मला रविवारच्या आत ठरवायचंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. एवढ्या वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नाही, तर आता निदान तुम्हाला सांगते.

मी घोटीकडची, हे तुम्हाला फार गमतीचं वाटायचं. भाताच्या खाचरात वाढलेली पोर, पायाला चिखल नसेल तर चुकल्यासारखं वाटणारी, आणि तिला घेऊन तुम्ही निघालात बागलाणातल्या उघड्याबोडक्या माळावर. "वाळवंट बघायला राजस्थानात कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यात आहे की छोटंसं," असं म्हणायचात. त्र्याण्णव सालचा मे. आमच्याकडे सरडा म्हणजे पोरांनी दगड मारायची वस्तू. एम.एस्सी.ला आलेली मी, आणि मनात म्हणत होते, याच्यासाठी एवढ्या लांब? नामपूरला एसटीतून उतरलो, कांद्याचे ट्रॅक्टर चुकवत गावाबाहेर पडलो, आणि अर्धा तास चालून माळावर पोचलो तर समोर काहीच नाही. दगड, तरवडाची झुडपं, कुसळं आणि ऊन. तुम्ही म्हणालात, "टेकव हात." मी जमिनीला तळवा टेकवला आणि झटकन उचलला. "भाजतंय सर!" "भाजणारच. आता त्या दगडाकडे बघ. त्याच्या पायात चपला नाहीत." तेव्हा मला तो दिसला. इतका वेळ डोळ्यांसमोरच होता, वीतभर लांब, मातीच्या रंगाचा, एका दगडाच्या टोकावर. चारही पायांची बोटं वर उचलून, नुसत्या टाचांवर अंग तोलून उभा होता. भाजू नये म्हणून! मी हसले, आणि तेवढ्यात त्याने गळा फुगवला.

अहो, मी ते अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. गळ्याखालची ती मळकट कातडी उलगडली आणि आत निळा रंग होता. निळा, त्याच्याखाली काळा, त्याच्याखाली नारिंगी. उघडला, मिटला, उघडला, मिटला. मग पलीकडच्या दगडावर दुसऱ्याने उघडला. त्याच्या पलीकडे तिसऱ्याने. ज्याला मी काहीच नाही म्हणत होते तो सगळा माळ लुकलुकायला लागला. माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, सरड्याकडे नाही. नंतर कळलं, तुम्ही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला असंच बघायचात, आणि ज्याच्या तोंडून काहीच निघायचं नाही त्याला दुसऱ्यांदा न्यायचा नाहीत. परत येताना एसटीत सांगितलंत की यांतल्या बहुतेकांना पुढचा मे बघायला मिळत नाही. एवढे चार दिवस नाचायचं, मादीला पटवायचं, मृगाच्या आसपास ती भुसभुशीत माती उकरून अंडी घालणार, आणि मग मोठे बहुतेक सगळे जाणार. पुढच्या वर्षी तुला दिसतील ते त्यांचे पोरगे. असं जगणं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मोजायची तुमची पद्धत मी आता पोरांना सांगते तर ती हसतात. चुन्याने रंगवलेल्या दगडापासून नाल्याकाठच्या बोरीपर्यंत एकच वाट, एकच चाल, बोलायचं नाही. वही काढायची नाही, कारण लिहायला मान खाली घातली की दोन सरडे सुटतात. उजव्या खिशात चिंचोके भरून घ्यायचे आणि सरडा दिसला की एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा. बोरीपाशी पोचलं की बसून डावा खिसा रिकामा करायचा, दोनदा मोजायचा आणि मग वहीत लिहायचं. माझी पंचाईत अशी की माझ्या पंजाबी ड्रेसला खिसेच नव्हते. पहिल्या दिवशी रुमालाच्या दोन पुरचुंड्या केल्या आणि सगळा घोळ घातला. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी बोलावलंत. काकू स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून चिंच फोडत होत्या. "ये गं, तुझी बेगमी चाललीय," म्हणाल्या. तुमच्या सरड्यांपायी त्या घरातली चिंच वर्षभर संपायची नाही, आमटीत चिंच, चटणीत चिंच, आणि चिंचोके धुऊन सुपात वाळत घातलेले. काकूंनी माझा ड्रेस तिथल्या तिथे मागून घेतला, मला त्यांचं पातळ नेसवलं, आणि शिलाई मशीनवर बसून दोन्ही बाजूंना दोन मोठे खिसे लावून दिले. "दोन्ही सारखे नाहीत हां. डावा खोल ठेवलाय. देव करो आणि भरो." त्यांच्या हातचा तो ड्रेस पुढे विरला, पण माझ्या प्रत्येक कुडत्याला मी आजही डावा खिसा खोल शिवून घेते. शिंपी वैतागतो.

आणि तुमचा राग! तोही सांगितलाच पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. दुसऱ्या वर्षी वाटेत माझ्या चपलेतून काटा आरपार गेला. मी बसले, काटा काढला, रक्त थांबवलं, आणि आपण चुन्याच्या दगडापाशी पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. मोजणी नऊची. तुम्ही घड्याळ बघितलंत, वही काढलीत आणि लिहिलंत, "गणना रद्द." मला वाटलं चेष्टा करताय. "सर, पंधरा मिनिटांनी काय होतंय?" म्हणाले, आणि तुम्ही इतके चिडलात की आवाज खाली गेला. तुमचा आवाज रागात खाली जायचा. "बाईसाहेब, सरड्याला घड्याळ नसतं, म्हणून आपल्याला असावं लागतं. आज सव्वानऊ, उद्या दहा, मग या वह्या बंबात घालू." आपण परत फिरलो. एवढा प्रवास करून, समोर सरडे नाचत असताना, एकही न मोजता! दोन दिवसांनी कॉलेजात माझ्या टेबलावर कापडी बुटांचा खोका होता, माझ्या मापाचे. त्यावर चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. मी त्या खोक्यावर डोकं ठेवून रडले आणि त्यानंतर मला तुमची जी भीती बसली ती काही कधी गेली नाही. बूट घातला की अजूनच वाटायची.

पहिली दोन-तीन वर्षं डावा खिसा भरायचा, कधी कधी ओंजळीत मावायचे नाहीत. मग कमी व्हायला लागले. एका वर्षी थोडे कमी, पुढच्या वर्षी आणखी. तुम्ही म्हणालात पाऊस कमी झाला असेल, मग म्हणालात शेळ्या वाढल्या असतील, मग म्हणणं सोडलंत. माळ तर तसाच होता. कुणी नांगरला नव्हता, कुणी घर बांधलं नव्हतं. त्याच वाटेवर, त्याच चालीने, त्याच नऊ वाजता आपण जात होतो आणि दगडांवर कुणी नव्हतं. नव्व्याण्णवच्या मेमध्ये बोरीपाशी बसून तुम्ही चिंचोके मोजलेत आणि ते परत माझ्या ओंजळीत टाकताना म्हणालात, "माझ्याबरोबरच निघालेत की काय हे!" तेव्हा तुमचं दुखणं कळलेलं होतं. मी काहीतरी खोटंनाटं बोलून विषय बदलला.

पुढच्या मे महिन्यात तुम्ही अंथरुणावर होतात आणि मी एकटी गेले. निघताना काकूंनी सुपातले चिंचोके दिले. तुम्ही उशीवरून मान वळवून म्हणालात, "आल्यावर सरळ इकडे. घरी नंतर जा." मी माळावर पोचले, चुन्याच्या दगडापासून निघाले, बोरीपाशी पोचले. डाव्या खिशात तीन चिंचोके होते. तीन, सर! मी पुन्हा पुन्हा खिसा चाचपला, उलटा करून पाहिला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते, शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर कांद्याची पिशवी घेऊन झोपले होते. सटाणा गेलं, देवळा गेलं. आणि कुठेतरी मी उजव्या खिशात हात घातला आणि एकेक चिंचोका काढून डाव्या खिशात टाकायला लागले. घाई केली नाही. एकेक टाकला, अगदी दिसल्यासारखा. अठ्ठावीस टाकले. जास्त टाकले असते तर तुम्हाला खरं वाटलं नसतं, एवढी अक्कल त्याही वेळी होती.

तुमच्या खोलीत आले. "किती?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "तुम्हीच मोजा." डावा खिसा तुमच्या पांघरुणावर रिकामा केला. तुम्ही उठून बसायचा हट्ट धरलात. काकूंनी पाठीला लोड दिला. तुम्ही एका बोटाने एकेक चिंचोका सरकवत मोजलात, मग उलट बाजूने पुन्हा मोजलात. एकतीस. तुमचा चेहरा बदलला. मी तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद आधी पाहिला नव्हता, माझा पहिला वर्ग आला तेव्हासुद्धा नाही. "बघ! वाढले की नाही? मी काय म्हणत होतो? चिवट जात आहे ही!" तुम्ही काही म्हणत नव्हतात, पण त्या क्षणी तुम्हाला वाटलं की म्हणत होतात. वही मागितलीत. मला लिहू दिलं नाहीत. पूर्ण ओळ तुम्ही स्वतः भरलीत आणि शेऱ्यात लिहिलंत, "पुन्हा वाढ." जूनमध्ये तुम्ही गेलात. काकूंना हे कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरं केलंस पोरी. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले.

त्यानंतर मी जात राहिले ती प्रेमापोटी की अपराधापोटी, देव जाणे. लग्न झालं, इंदिरानगरात घर घेतलं, तुमच्याच कॉलेजात नोकरी लागली, मुलगी झाली, तरी मे महिना आला की मी पहाटेची गाडी पकडून नामपूरला. नऊच्या ठोक्याला चुन्याच्या दगडापाशी. पाच, दोन, एक, सात, शून्य. एका वर्षी भर माळावर मी मोठ्यांदा म्हणाले, "झालं, संपलं." आणि मनात आलं, बरं झालं तुम्ही नाहीत.

दोन हजार सातचा मे. मी बोरीपाशी बसून रिकाम्या खिशाकडे बघत होते. तिथे नेहमी शेळ्या घेऊन येणारी एक आजी होती, इतकी वर्षं लांबून बघायची, कधी बोलली नव्हती. त्या दिवशी शेळ्या घराकडे वळवून निघाली होती. माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "ताई, काय दवडं तुन्हं अठे?" तिला वाटलं, माझं काही हरवलंय म्हणून मी दर वर्षी येते. मी म्हटलं, "सरडे शोधते आजी. गळ्यात निळा पंखा असतो ते. संपले बहुतेक." ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली. "संपनात? तू कव्हय बी उशीरच येस, त्या काय तुन्ही वाट देखतीन का? त्या सकायलेच निंघतस. ऊन तपनं का बिळमा घुसतस." मी म्हटलं, "आधी तर नऊ-दहा वाजता असायचे हो." "आधी व्हतात. आते ऊन पहिलेसारखं शे का? मी बी शेळ्या पहाटलेच सोडस आते." एवढं बोलून ती शेळ्यांमागे गेली. आणि मी, प्राणिशास्त्र शिकवणारी, दोन पदव्या घेतलेली, तिथे बसून राहिले. सर, कप्पाळ माझं! रक्त थंड असलेल्या जीवाचं ऊन हेच घड्याळ, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. अंग तापेपर्यंत त्याला हालता येत नाही आणि जास्त तापलं की जगता येत नाही, मधला जो थोडा वेळ, तेवढाच त्याचा दिवस. हे शिकवत होते आणि मोजायला मात्र माझ्या मनगटावरच्या घड्याळाने जात होते.

त्या दिवशी मी परत आले नाही. आजीच्या मागोमाग तिच्या घरी गेले, घरी फोन करून सांगितलं, आणि तिच्या अंगणात राहिले. सकाळी उजाडताना आम्ही दोघी माळावर होतो, शेळ्यांसकट. सूर्य वर आला. दगड अजून गार होते, मी मुद्दाम तळवा टेकवून पाहिला. काही वेळ काही नव्हतं. मग एका बिळातून डोकं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं, उन्हाकडे तोंड करून. मग दुसरं. अंग शेकून घेत होते. सात वाजत आले आणि पहिला दगडावर चढला. आणि मग सर, काय सांगू तुम्हाला, त्या सगळ्या माळावर निळे पंखे उघडायला लागले! इकडे, तिकडे, नाल्यापलीकडे. एकाने दुसऱ्याला हुसकलं तर तो चक्क मागच्या दोन पायांवर उभा राहून पळाला, शेपटी मागे ताठ. मी चिंचोके टाकायला लागले आणि माझा हात थांबेना. आजी म्हणाली, "देख, कितला शेतस!" मी रडत होते आणि हसत होते आणि मोजणं चालूच होतं. तोंडातून मात्र त्र्याण्णवच्या मेसारखंच फक्त "अगं बाई" निघालं. एवढासा जीव. त्याला कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, कालचा त्याचा बापही जिवंत नाही सांगायला, आणि त्याने आपला अख्खा दिवस उचलून दोन तास अलीकडे आणून ठेवला होता. आपण दोघं वर्षानुवर्षं तिथे जाऊन हळहळत होतो, आणि तो आपण यायच्या पंधरा मिनिटं आधी आटोपून बिळात बसत होता.

पण मी थांबले तिथे. मला कळायला हवं होतं हा दिवस संपतो कधी. आठ वाजता पंखे विरळ झाले. साडेआठला एकेक जण झुडपाच्या सावलीत, मग बिळाकडे. पावणेनऊला माळ रिकामा, तसाच जसा मला दर वर्षी दिसायचा. मी घड्याळ बघितलं आणि मघाचा आनंद उतरायला लागला. पूर्वी ते अकरापर्यंत बाहेर असायचे. आता दिवस अलीकडे सरकला होता खरा, पण लहानही झाला होता. तेवढ्यातच खायचं, भांडायचं, मादी शोधायची, मादीने पोटात अंडी वाढतील इतके किडे पकडायचे. पोटभर मिळालं नाही तर अंडी कमी. बिळात बसलेला सरडा भाजून मरत नाही, नुसता उपाशी राहतो. डाव्या खिशातले चिंचोके मोजले, तर तुमच्या सुरुवातीच्या वर्षांच्या निम्मेही भरले नाहीत. म्हणजे होते, पण कमी होते, आणि कशाने कमी होतायत ते त्या सकाळी मला स्वच्छ दिसलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर काही पुन्हा बाहेर येतात, आजीनेच दाखवलं. आपण संध्याकाळ कधी पाहिलीच नव्हती, कारण परतीची गाडी दोनची असायची.

घरी येऊन तुमची पहिली वही काढली. हा नऊचा नियम तुम्ही कुठून आणला, कुठल्या ग्रंथातून, ते बघायला. पहिल्याच पानावर, तुमच्या बारीक अक्षरात होतं: "सटाण्याहून गाडी, नामपूर सव्वाआठ. पायी अर्धा तास. सुरुवात नऊ." बस! एवढंच. एसटीचं वेळापत्रक होतं ते, सर! ज्यासाठी मला रडवलंत, ज्यासाठी एक अख्खी मोजणी रद्द केलीत, तो नियम एसटीने ठरवला होता. मी इतकी हसले की मुलगी धावत आली. मग राग आला, मग तोही गेला. तुम्हालाही विसर पडला असणार. पहिल्या वर्षी सोय होती, पाचव्या वर्षी ते शास्त्र झालं, आणि माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्याच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती. तेव्हापासून मी आदल्या दिवशी मुक्कामाला जाते, उजाडल्यापासून मावळेपर्यंत बसते, दर अर्ध्या तासाला मोजते. आजी गेली तीन वर्षांपूर्वी. आता तिची सून शेळ्या आणते.

तर रविवारचं. पुण्याच्या मुलीला सगळं सांगेन, एसटीसकट. एकतीस खोडणार नाही. तुमचं अक्षर आहे ते, त्या दिवसाचं, आणि माझी ते खोडायची हिंमत नाही. त्याच्या शेजारी तीन लिहीन, खाली माझी सही करीन, आणि खोटा आकडा मी दिला असं लिहीन. ती मुलगी विचारील का दिला, आणि मी म्हणेन सर आजारी होते, आणि ती मान हलवील. सगळ्यांना पटतं ते. पण तुमच्याशी खोटं किती बोलायचं.

मी त्या दिवशी उशिरा पोचले होते, सर. सटाण्याच्या स्टँडवर उतरले आणि समोर एसटीडीचा बूथ उघडा दिसला. ज्याच्याशी पुढे लग्न केलं तो तेव्हा औरंगाबादला होता, फोनवर सकाळीच भेटायचा. एक मिनिट म्हणून आत गेले. काचेतून नामपूरची गाडी लागलेली दिसत होती, मग ती सुटताना दिसली, आणि मी रिसीव्हर धरून हसत होते. तुमचा त्या वेळी मला पूर्ण विसर पडला होता. पुढच्या गाडीने गेले, तर चुन्याच्या दगडापाशी साडेदहा. तीन सांगितले असते तर तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला होता, "किती वाजता?" म्हणून एसटीतच चिंचोके बदलले. परत येऊन तुमचा चेहरा मी तोवर पाहिलासुद्धा नव्हता. दया कसली, तुमचा आवाज खाली जाईल याची भीती होती. आणि आज कळतं, साडेदहाला तीन एवढं नुसतं ऐकलं असतंत तरी तुम्ही पलंगावर उठून बसला असतात. नऊला इतके, साडेदहाला तीन, मग सातला किती? तुम्हाला दोन मिनिटं लागली असती. जे मला शेळ्या वळणाऱ्या बाईने सात वर्षांनी शिकवलं, ते तुम्ही जाण्याआधी ओळखलं असतं, आणि तुमचे सरडे आहेत हे कळून गेला असतात, खरे असलेले.

चौथी वही समोर उघडी आहे. त्या ओळीत वेळेचा रकाना आहे. तिथे तुम्ही नऊ लिहिलंय, मला न विचारता. आत्ता त्यावर रेघ मारली आणि साडेदहा लिहिलं. शेजारी तीन लिहायला काही वाटलं नाही. साडेदहा लिहिताना मात्र उठून दार लावून घेतलं.